लिडियार्डच्या शेततळ्यात

ब्रॉन्विन पास्को तीस वर्षं शाळेची बस चालवत होती. निवृत्त झाल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात तिनं मोटारसायकलवर तंबू बांधला आणि एकटीच हॅमिल्टनहून उत्तरेला निघाली. वय एकोणसाठ. हॉर्शमच्या पलीकडे बहीण राहते, तिच्याकडे आडरस्त्यांनी जायचं, एवढाच बेत. सकाळी बेकरीतल्या बाईनं अडवून पाहिलं होतं. आज पारा बेचाळीसवर जाणार, वारा उत्तरेचा, वाळवंटाकडून येणारा, उद्या जा, असं ती म्हणाली. ब्रॉन्विननं ते हसण्यावारी नेलं.

दुपारी गव्हाच्या धसकटांच्या शेतांमधल्या रस्त्यानं गाडीवर चालली असताना तिला जळक्या गवताचा वास आला. मग ऊन तांबूस झालं. पुढच्या टेकाडामागे धुराची भिंत उभी होती, आणि ती हलत होती. ब्रॉन्विननं गाडी वळवली. तीनएक मैल मागे आली तर तिकडेही धूर. उडत आलेल्या ठिणग्यांनी रस्त्याच्या दोन्ही कडा पेटल्या होत्या. फोनला रेंज नव्हती. एक कांगारू कुंपणावरून उडी मारून तिच्या पुढच्या चाकासमोरून गेलं, त्याच्या मागे आणखी चार.

डावीकडे एक फाटक उघडं दिसलं. ती आत घुसली.

पत्र्याच्या छपराच्या घरापुढे एक म्हातारा पाण्याची नळी धरून उभा होता. नळीतून पाणी येत नव्हतं. वीज केव्हाच गेली होती. आल्फ लिडियार्ड त्याचं नाव. मेंढ्या मोकळ्या सोडायच्या नादात तो मागे राहिला होता आणि त्याची मुलगी जॉसलिन गावात अडकली होती.

"बसा मागे," ब्रॉन्विन ओरडली. "निघू या."

"चौऱ्याऐंशीचा आहे मी. पॅन्ट चढवायला मला अर्धा तास लागतो आणि तू म्हणतेस मोटारसायकलवर बस." मग त्याचा आवाज बदलला. "पोरी, रस्त्यावर जाऊ नकोस. धुरात दिसायचं नाही काही. मागं शेततळं आहे, कमरेएवढं पाणी असेल."

तळ्यात बसून आग अंगावर येऊ द्यायची, ही कल्पनाच तिला सहन झाली नाही. तिनं त्याला पुन्हा विचारलं नाही. गाडी वळवली आणि गेली. फाटकापर्यंत पोचली, तोच समोरचा रस्ता एका दमात पेटला. आग गवतावरून पळत नव्हती, उडत होती. हेल्मेटच्या काचेतूनही तोंड भाजलं. ती परत फिरली ती दुसरीकडे जायला जागाच नव्हती म्हणून.

आल्फ पायरीवर बसला होता. नळी हातात तशीच.

तिनं त्याला बखोटीला धरून उठवलं. घरातून दोन लोकरीची ब्लँकेटं ओढून आणली आणि त्याला अर्धवट फरफटत तळ्यापर्यंत नेलं. दोघं चिखलात गुडघ्यांवर बसली, ओली ब्लँकेटं डोक्यावरून घेतली. आगगाडी अंगावर यावी तसा आवाज वाढत गेला. ब्लँकेटमधून वाफ निघायला लागली. ती ते पुन्हा पुन्हा पाण्यात बुडवत होती, त्याचं आणि आपलं.

"पाण्याला नाक लावून श्वास घे," आल्फ म्हणाला. "बोलू नकोस."

ती बोलत नव्हती. ती बसमधल्या मुलांची नावं घेत होती, बसायच्या जागांच्या क्रमानं, आणि ते तिला कळतही नव्हतं. फटीतून एकदा बाहेर पाहिलं तर पलीकडच्या काठाशी एक मोठं कांगारू गळ्यापर्यंत पाण्यात दबून बसलं होतं, डोळे मिटून. कुठंतरी मेंढ्या ओरडत होत्या. मग त्यांचं ओरडणं थांबलं, आणि ते जास्त वाईट होतं.

सात-आठ मिनिटांत सगळं पुढे निघून गेलं. घर मात्र नंतर पेटलं, सावकाश, आणि दोघांनी ते पाण्यात बसूनच पाहिलं. मोटारसायकलचा सांगाडा उरला. तासाभरानं अग्निशमनाचे स्वयंसेवक ट्रक घेऊन आले, तेव्हा आल्फचा हात भाजलेला होता आणि ब्रॉन्विनचा खोकला थांबत नव्हता.

इस्पितळात जॉसलिननं तिला मिठी मारली. तुम्ही बाबांसाठी आगीतून परत आलात, असं ती रडत रडत येईल त्याला सांगत होती. तिसऱ्या दिवशी आल्फ खोलीत एकटा सापडला.

"मी तुम्हाला सोडून गेले होते," ती म्हणाली. "वाट मिळाली असती तर परत आले नसते."

"माहीत आहे. पाठ बघितली ना तुझी."

"मग जॉसलिनला सांगा की खरं."

आल्फनं पट्टी बांधलेला हात उशीवर ठेवला.

"मग तिला हेही सांगावं लागेल," तो म्हणाला, "की तळ्याचं तुला सांगितलं मी, पण माझेच पाय हलेनात. चौदाव्या वर्षापासून आगी विझवतोय. त्या दिवशी पायरीवर बसलो आणि ठरवलं, आता उठायचं नाही. इतका घाबरलो होतो."

ब्रॉन्विन खुर्ची ओढून त्याच्याजवळ बसली. बाहेर वारा सुटला होता. खिडकी वाजली तशी दोघांनीही एकदमच तिकडे पाहिलं. ती उठली, खिडकीची कडी लावली आणि आभाळ स्वच्छ आहे ना, ते नीट बघून घेतलं.