वरची चार बोटं

आमचे हे कापडाच्या दुकानात काउंटरला आहेत आणि त्यांचा हात सैल आहे. सैल म्हणजे मोजायला. गिऱ्हाइकाने दोन मीटर मागितलं की हे पट्टीने दोन मीटर बरोबर मोजतात आणि कात्री लावताना चार बोटं पुढे सरकतात. "धुतल्यावर आटतं," असं वर सांगतात. जे कापड जन्मात आटणार नाही त्याच्या बाबतीतही हेच सांगतात. मालक सुरुवातीला कुरकुरले, पण गिऱ्हाइकं आल्या आल्या ह्यांचीच चौकशी करतात म्हटल्यावर गप्प बसले.

मी रुग्णालयात सिस्टर आहे. माझ्या वॉर्डात ताप एकशे दोन असेल तर एकशे दोनच लिहिला जातो. पेशंटला बरं वाटावं म्हणून मी तो अर्धा अंशही खाली आणत नाही. बाकी संसारात आमचं फारसं वाजत नाही, पण ह्या एका गोष्टीत लग्नापासून कधी जमलं नाही.

आमची एकुलती एक मुलगी, तिला घरात काडी म्हणतो. जन्मली तेव्हा तशीच होती आणि खाऊन पिऊनही तशीच राहिली. तर ह्या काडीची सैन्यातल्या अधिकारी प्रशिक्षणासाठी निवड झाली. लेखी परीक्षा, मुलाखत, वैद्यकीय तपासणी, सगळ्या चाळण्यांतून ती पार पडली. राहिली होती एकच गोष्ट. अकादमीत हजर झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी शारीरिक चाचणी. त्यात जो उतरणार नाही त्याने आल्या पावली घरी परत जायचं. वयाची अट पाहता काडीला पुन्हा अर्ज करता येणार नव्हता. म्हणजे जे काय व्हायचं ते ह्याच वेळी.

धावण्याची काळजी नव्हती. ती लहानपणापासून वारं प्यायल्यासारखी धावते. पोटाचे व्यायामही ठीक होते. घोडं अडलं होतं ते पुशअपपाशी. पंधरा हव्या होत्या. छाती जमिनीपासून मुठीएवढ्या अंतरावर आली पाहिजे, वर येताना कोपरं पूर्ण सरळ झाली पाहिजेत आणि कंबर मध्ये झोळीसारखी लोंबता कामा नये. काडीच्या दंडांकडे बघून कुणालाही शंका आली असती.

रोज संध्याकाळी बाहेरच्या खोलीतलं टेबल भिंतीला लागायचं. काडी फरशीवर चटई टाकायची आणि हे दुकानातून आले की हातपाय धुऊन, चहाचा कप घेऊन स्टुलावर बसायचे. मोजायचं काम त्यांचं. मी स्वयंपाकघरात पाठमोरी असायचे, मला फक्त आकडे ऐकू यायचे. बारा, तेरा, चौदा, शाब्बास, पंधरा! बघता बघता अठरापर्यंत गाडी गेली. मला आकड्यांवर विश्वास ठेवायची सवय आहे. मी निर्धास्त होते.

तरी एकदा बाहेरच्या माणसाने बघावं म्हणून मी तिला जवळच्या मैदानावर घेऊन गेले. तिथे मुलांना शिकवणारे एक प्रशिक्षक आहेत. त्यांच्या आई माझ्या वॉर्डात होत्या, तेव्हाची ओळख. सकाळची वेळ होती. काडी धावली ती छानच धावली. मग त्यांनी तिला पुशअप करायला सांगितलं आणि स्वतः गवतावर पालथे पडले, गाल जमिनीला टेकवून. छाती किती खाली येते ते बघायला.

"एक. दोन. तीन. तीन. चार. चार. चार."

मला वाटलं प्रशिक्षकांचं लक्ष कुठेतरी भलतीकडे आहे. मी तोंड उघडणार तेवढ्यात "पाच. पाच. सहा. सहा. सहा." झालं आणि काडी गवतावर आडवी झाली.

"सहा," असं म्हणत ते उठले आणि गाल पुसू लागले.

"अहो, घरी अठरा करते ती!"

"घरी कोण मोजतं?" त्यांनी विचारलं. टोमणा नव्हता त्यात, खरोखर विचारत होते. मग म्हणाले, "तिथे असंच मोजतात. बरोबर झाली नाही की पुढचा आकडा मिळत नाही, मागचाच पुन्हा म्हणतात."

काडी बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधत होती. निघायला तीन आठवडे उरले होते.

वाटेत ती दोन पावलं पुढेच चालत होती. मीच शेवटी म्हणाले, "तुला कळत नव्हतं, आपण खालपर्यंत जात नाही ते?"

"कळत होतं. पण बाबा इतक्या खात्रीने म्हणायचे की मला खरंच वाटायचं." थोडं चालून झाल्यावर म्हणाली, "मी जातच नाही, आई. तिथे जाऊन दुसऱ्या दिवशी बॅग उचलून परत यायचं, त्यापेक्षा नकोच ते."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरात पाय ठेवल्या ठेवल्या मी ह्यांच्यावर तुटून पडले. पोरीचं वाटोळं करायला निघालात, ते काय दुकान आहे का चार बोटं जास्त द्यायला, तिथे कुणी बाप बसलेला नाही तुमच्यासारखा. बरंच बोलले. शेजारच्या वहिनींनी दार किलकिलं करून बघितलं, तरी थांबले नाही.

ह्यांनी सगळं ऐकून घेतलं. बचाव केला नाही, उलट उत्तर दिलं नाही. त्याचाच जास्त राग येतो.

"हात थरथरतात गं तिचे," एवढंच म्हणाले. "चारच्या पुढे गेली की थरथरायला लागतात. मला बघवत नाही. मग तोंडातून पुढचा आकडा निघून जातो."

त्या दिवसापासून मोजायचं काम मी माझ्याकडे घेतलं. ड्यूटी बदलून घेतली आणि चटईशेजारी जमिनीवर बसले. अर्धवट झाली की मागचाच आकडा, दयामाया नाही. चार दिवस हे चाललं आणि चार दिवसांत काडी सहावरून पाचवर आली. माझा आवाज ऐकला की तिचे खांदे आधीच ताठ व्हायचे. चौथ्या दिवशी ती मध्येच उठून बसली.

"तू मोजत नाहीस, आई. तू चोर पकडतेस."

"मग काय आरती ओवाळू?"

"बाबांनाच बसू दे."

"म्हणजे पुन्हा अठरा!"

"नाही," ती म्हणाली आणि ह्यांच्याकडे वळली. "बाबा, खरं मोजाल? तुम्ही 'झाली नाही' म्हणालात तर मला राग येणार नाही. आईने म्हटलं की येतो."

हे खरं होतं, पण तोंडावर ऐकायला काही गोड वाटलं नाही. मी उठून कणीक मळायला घेतली आणि ती नको इतकी मळली.

दुसऱ्या दिवशी हे दुकानातून कापडाचे उरलेले तुकडे घेऊन आले. त्यांच्या घड्या घालून एकावर एक रचल्या, वर आपली मूठ ठेवून उंची बघितली, एक घडी काढली, पुन्हा बघितली. ती चळत काडीच्या छातीखाली येईल अशी चटईवर ठेवली. "कापडाला छाती लागली तरच आकडा," म्हणाले. मग स्टूल बाजूला सारून खाली बसले. चहा घेतला नाही.

एक ते पाच नीट झाल्या. सहावीला कापड लागलं नाही. मी दारात उभी राहून बघत होते. ह्यांचे ओठ 'सहा'साठी उघडले आणि तसेच राहिले. काडी वर येऊन वाट बघत थांबली, दोन्ही हात थरथरताहेत.

"पाच..." हे म्हणाले. मग घसा खाकरून, "पाचच."

काडीने मान वळवून त्यांच्याकडे बघितलं. जन्मात पहिल्यांदा बापाने तिला काहीतरी नाकारलं होतं. क्षणभर मला वाटलं ही आता रडणार. पण तिने नाक ओढलं आणि खाली गेली, कापडाला लागली, आणि दात ओठ खात वर आली.

"सहा," हे म्हणाले, आणि उठून पाणी प्यायला आत गेले. माठाजवळ बराच वेळ उभे होते.

मग मात्र काम रुळावर आलं. प्रशिक्षकांना विचारून आम्ही पद्धत बदलली. सकाळी ती फक्त सावकाश खाली जायची, वर यायचं गुडघे टेकून. संध्याकाळी खऱ्या. आठवड्यात एक दिवस सुट्टी, कारण थकलेल्या स्नायूला भरून यायला वेळ लागतो, हे मी दोघांनाही दटावून सांगितलं. अंडी, दूध, केळी ह्यांचा नुसता मारा. हे रोज समोर बसून खरं मोजत होते. सात, सात, आठ. कधी दिवसाला एक वाढायची, कधी दोन दिवस काहीच नाही. एकदा नऊवरून घसरून आठवर आली तेव्हा हे जेवले नाहीत. पण आकडा बदलला नाही त्यांनी.

तिसऱ्या आठवड्यात ती चौदापर्यंत पोचली आणि तिथेच अडकली. पंधरावीला खाली जायची, कापडाला लागायची, वर येता येता अर्ध्यात कंबर सुटायची. प्रशिक्षक म्हणाले, होईल, होऊन जाईल. असं डॉक्टरही म्हणतात, आणि दरवेळी होतंच असं नाही हे मला माहीत आहे.

निघायच्या आदल्या संध्याकाळी तिची बॅग भरून दाराशी उभी होती. मी तिचे सगळे कपडे इस्त्री करून एकसारख्या घड्या घालून भरले होते. लोकरीचे कपडे पुरेसे आहेत का, औषधांची पुडी वर आहे का, हे पुन्हा पुन्हा बघून झालं होतं. काडी म्हणाली, "एकदा शेवटचं करते." आम्ही टेबल सरकवलं.

त्या दिवशी ती सुंदर करत होती. दहापर्यंत श्वासही चढला नाही. बारा. तेरा. चौदाला हात थरथरायला लागले. पंधरावीला खाली गेली, कापडाला लागली, वर यायला लागली. मानेच्या शिरा फुगल्या, चेहरा लाल झाला. कोपरं सरळ होत आली आणि शेवटच्या क्षणी कंबर खाली गेली. थोडीशीच. बोटभर.

"पंधरा!" मी ओरडले.

काडी तशीच हातांवर तोललेली होती. ह्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"चौदा," ते म्हणाले.

"अहो, झाली की! एवढंसं काय..."

"चौदा," ते पुन्हा म्हणाले, अगदी शांतपणे.

काडी हसायला लागली. हसता हसता चटईवर कोसळली आणि तशीच पडून राहिली. "आई, तूसुद्धा!" म्हणाली. मीही हसले, दुसरं काय करणार. पंधरावी काही झाली नाही. चौदावर ती सकाळी गाडीत बसली.

तिसऱ्या दिवशी दुपारी मला वॉर्डात तिचा फोन आला. बोलायला फार वेळ देत नव्हते.

"आई, झालं. पास."

"किती?"

"पंधरा. मोजणाऱ्या मॅडम चौदा दोनदा म्हणाल्या. माझ्या बाजूची मुलगी तिथेच रडायला लागली, तिला वाटलं त्या मुद्दाम करताहेत. मला काहीच वाटलं नाही. मी पुन्हा खाली गेले आणि आले वर."

असली बातमी फोनवर द्यायची नव्हती. ड्यूटी संपल्यावर मी तशीच गणवेशात चालत दुकानात गेले. गिऱ्हाईक नव्हतं. हे दिवसभर उलगडलेले तागे गुंडाळत होते. मला दारात बघून त्यांचे हात थांबले.

"पास झाली," मी म्हणाले. "पंधरा."

त्यांनी मान हलवली. तागा शेवटपर्यंत गुंडाळला, टोक आत खोचलं आणि फळीवर ठेवला. मला वाटलं होतं डोळ्यांत पाणी येईल, मालकांना हाक मारून सांगतील, गल्लीभर पेढे वाटतील. तसलं काही केलं नाही.

"म्हणजे आता येत नाही ती," ते म्हणाले.

"म्हणजे काय? सुट्टीला येईल की."

"सुट्टीला म्हणजे पाहुणी." दुसरा तागा ओढून घेत म्हणाले, "मी रोज मोजताना हेच डोक्यात असायचं बघ. आकडा सैल सोडला की पोर राहतेय घरी. नेमका धरला की गेली. पहिल्यांदा पाच म्हणालो ना, तेव्हा पाणी प्यायला आत गेलो होतो, ते तहान लागली म्हणून नव्हे."

काउंटरवर खडूचा चुरा पडला होता, तो मी हाताने पुसत राहिले.

"आणि त्या दिवशी तू पंधरा का ओरडलीस," ते म्हणाले, "ते मला तेव्हाच कळलं होतं."

मला ते आत्ता कळत होतं. इतके दिवस पोरीने पास व्हावं म्हणून मी घर डोक्यावर घेतलं होतं, आणि बॅग दाराशी उभी राहिल्यावर माझ्यातलीच कुणीतरी तिला खोट्या आकड्यावर पाठवून परत आणायला निघाली होती. मी तिथल्या गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसले आणि गणवेशात, भर दुकानात, तोंडाला पदर नाही म्हणून हातरुमाल लावून रडले. हे काउंटरमागून बाहेर आले आणि माझ्या शेजारी उभे राहिले.