डंपर लागला

वॉल्टरच्या पिकअपला थरथर सुटली होती. खड्ड्यात चाक गेलं रे गेलं, की स्टेअरिंग हातात नाचायला लागायचं. आणि उमेळ्याच्या रस्त्याला खड्ड्यांशिवाय दुसरं आहे काय हो? वाड्या विकल्या, बिल्डिंगी उठल्या, मातीचे डंपर दिवसभर धावतात. रस्त्याची पार चाळण झाली. केळी, भाजी घेऊन एकट्याने जाताना वॉल्टरला त्याचं काही वाटत नसे. पण लेक जेनिफर मागे कॅनडाहून आली, तेव्हा नातीला, छोट्या एलिसाला, मांडीवर घेऊन शेजारी बसली आणि घाबरून दार धरून राहिली. "डॅडी, या गाडीत मी परत बसणार नाही," म्हणाली.

त्यानंतर ती आलीच नाही. कारणं तिच्याकडे ढीगभर होती, पण म्हाताऱ्याने तेवढं एकच मनाला लावून घेतलं. गाडी नीट झाली की लेक नाताळला येणार, असं त्याने धरूनच ठेवलं. बायको, रोझमेरी, गेल्यापासून घरात दिवस दिवस शब्द निघत नसे. माणूस मग असं काहीतरी धरून बसतो.

तुळिंजच्या चंद्रहास मेस्त्रीने आधी गाडी जॅकवर घेतली, पुढची चाकं हलवून पाहिली आणि झिजलेला एक सांधा बदलला. "हे न बघता नुसता डंपर टाकला असता ना वॉल्टरभाऊ, तर रोग झाकला असता, बरा नसता झाला."

स्टेअरिंगचे झटके पिऊन घेणारी एक नळी असते, शॉकअपसारखी, फक्त आडवी बसते. डब्यावर इंग्रजीत 'डॅम्पर' का लिहिलेलं असेना, गॅरेजात तिला डंपरच म्हणतात. चंद्रहासने दोन काढून ठेवल्या.

"ही गॅसवाली. जोर जास्त, पण स्टेअरिंगला हळूच एका अंगाला ढकलत राहते. ही तेलवाली, गरीब आहे."

"मांडीवर पोर असेल तर कुठली?"

चंद्रहासने जरा बघितलं त्याच्याकडे. "तेलवाली," म्हणाला.

नळीचं एक टोक चाकांना जोडणाऱ्या दांड्यावर आवळलं, दुसरं चेसीवर. मग स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून, नळी कुठे अडत नाही ना, हे पाहिलं.

परतताना वॉल्टरने मुद्दाम खड्डे शोधून काढले. स्टेअरिंग हूं की चूं नाही! "बघितलंस?" शेजारच्या सीटकडे वळून तो म्हणाला आणि एकटाच ओशाळला. कुणाला तरी सांगायलाच हवं होतं. गाडी कडेला घेऊन त्याने लेकीला आवाजी मेसेज टाकला: "जेनी, आपल्या पिकअपला आज डंपर लागला गं. आता तू काळजी करू नको."

घरी पोचतो न पोचतो तोच फोन. तिकडे तर पहाटही झाली नसणार.

"डॅडी! कुठे आहात? कुठल्या हॉस्पिटलात? डंपरवाला पळाला का?" जेनिफर हमसून हमसून रडत होती.

वॉल्टरला आधी काही उमगेना. उमगलं, तेव्हा मात्र त्याला बरं वाटलं, अगदी खोटं कशाला सांगा, फार बरं वाटलं. त्याच्यासाठी कुणी रडलं त्याला जमाना झाला होता. अजून थोडं रडू द्यावं, असंही मनात आलं त्याच्या. पण बापाचं काळीज, तेवढंही राहवलं नाही.

"अगं वेडे, तो डंपर नव्हे! स्टेअरिंगचा! बसवून घेतला, चंद्रहासकडून!"

पलीकडचं रडणं थांबलं. मग जेनिफर नाक ओढत हसायला लागली, आणि वॉल्टरही हसला. कितीतरी दिवसांनी त्या घरात हसू ऐकू आलं.

"काय हो डॅडी! जीवच गेला होता माझा," ती म्हणाली. "म्हटलं, झालं, आता तिकीट काढून यावं लागतंय."

"छे गं," वॉल्टर म्हणाला, "मला कुठे काय झालंय? कशाला येतेस?"

"थँक गॉड," ती म्हणाली. "झोपते मी आता."

नाताळचं त्याने विचारलंच नाही.