प्रस्थानाची पेटी

माझ्या मागच्या डाव्या चाकाच्या वर, बोटाच्या पेराएवढ्या जागेत, कागदाची एक चिकटपट्टी आहे. तिचा वरचा कोपरा सुटला आहे. सुटलेल्या भागाच्या डिंकावर धूळ बसून तो काळा पडला आहे. चिकटलेला भाग अजून पांढरा आहे. वारा आला की तो कोपरा थरथरतो आणि मला खाज सुटते. खाजवायला मला हात नाहीत.

मित्रांनो, मी एक जुनी निळी प्रवासी पेटी आहे. तंजावूरला, राजवाड्यामागच्या एका गल्लीत, ताराबाईंच्या तिण्णैवर उभी आहे. तिण्णै म्हणजे घराबाहेरचा ओटा; आमच्या गल्लीतली मराठी माणसंही त्याला तिण्णैच म्हणतात. मी मात्र ताराबाईंची नाही. माझ्या मालकीणबाई कनकलता समोरच्या घरात राहतात. ते घर मला इथून दिसतं, त्यांच्या कुकरची शिट्टीही ऐकू येते, पण मला तिकडे जाता येत नाही. रस्त्यावरून एखादी मोपेड गेली तरी माझी चाकं शहारतात. निघावं की परतावं, हेच मला गेले कित्येक महिने कळलेलं नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. प्लास्टिकचा सपाट तक्ता मऊ होईपर्यंत तापवला, साच्यावर पसरला, आणि खालून हवा ओढून घेतली. त्या एका श्वासात मला पाठ, पोट आणि कोपरे मिळाले. मग कडी बसली, कुलूप बसलं आणि सर्वांत शेवटी चाकं. दुकानात माझ्यासारख्या पुष्कळ होत्या. कनकलता मुलींच्या शाळेत भौतिकशास्त्र शिकवत. त्यांनी प्रत्येक पेटी फरशीवर फिरवून पाहिली आणि कान देऊन चाकांचा आवाज ऐकला. माझा आवाज सर्वांत कमी आला, म्हणून मी त्यांची झाले.

पुढची वर्षं सुखाची होती. सेतुमाधव, म्हणजे कनकलतांचे यजमान, सरकारी नोकरीत होते. त्यांच्या प्रत्येक बदलीत मी पुढे असे. दर उन्हाळ्यात कनकलतांच्या धाकट्या बहिणीकडे, राजलक्ष्मीकडे, आम्ही रेल्वेने पुण्याला जात असू. स्टेशनवर राजलक्ष्मी आधी माझी कडी धरी आणि मग बहिणीला म्हणे, “अक्का, ही पेटी तुझ्यापेक्षा शहाणी. हिला कधी उशीर होत नाही.”

त्या बोलण्याला कारण होतं. कनकलता शाळेत गुरुत्वाकर्षण शिकवत आणि घरी राहुकाळ पाळत. रोज दिवसाचा दीड तास राहूचा असतो, त्या वेळात घराबाहेर पाऊल टाकायचं नाही, असं आमच्याकडे मानतात. त्यामुळे लग्नात त्या अक्षता पडल्यावर पोहोचत, आणि एकदा तर राजलक्ष्मीच्या वास्तुशांतीला पंगत उठल्यावर. सगळे हसत. त्याही हसत.

मग त्या निवृत्त झाल्या, प्रवास कमी झाले, आणि मी माळ्यावर पितळी घागरींच्या शेजारी जाऊन बसले. झुरळांनी माझ्यात संसार थाटला. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. बहुतेक पेट्यांचं असंच होतं.

गेल्या डिसेंबरात मला खाली काढलं. राजलक्ष्मीच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं. तिचे यजमान गेलेले, मूलबाळ नाही. फोनवर ती इतकंच म्हणाली होती, “अक्का, भूल देताना कोणीतरी माझं माणूस असू दे.” रेल्वेने वेळेत पोहोचणं जमेना, म्हणून कनकलतांनी आयुष्यात पहिल्यांदा विमानाचं तिकीट काढलं. तिरुचिरापल्लीहून संध्याकाळी निघायचं होतं, आणि त्यासाठी घर सोडायची वेळ नेमकी राहुकाळात येत होती.

यावर आमच्याकडे एक तोड आहे. चांगल्या वेळेला एखादं सामान घराबाहेर काढून शेजाऱ्याकडे नेऊन ठेवायचं. याला प्रस्थान ठेवणं म्हणतात. सामान निघालं म्हणजे माणूसही निघालंच, असं धरतात. मग स्वतः कधीही निघावं. फक्त एक बंधन आहे. प्रस्थानाचं सामान प्रवास पुरा होईपर्यंत पुन्हा घराचा उंबरा ओलांडत नाही, आणि वाटेत उघडायचंही नाही.

त्या दिवशी सकाळी चांगल्या वेळेला कनकलतांनी मला ताराबाईंच्या तिण्णैवर आणलं. माझ्या पोटात राजलक्ष्मीसाठी सुती साड्या होत्या, गुडघ्याला लावायचं तेल होतं आणि तिला आवडतात म्हणून वाळवलेल्या नार्तंगाईच्या, म्हणजे मोठ्या कडवट लिंबाच्या, खारट फोडी. सेतुमाधव आदल्या दिवसापासून तिरुवैयारुला भावाकडे गेले होते. दुपारी ताराबाई आत झोपल्या होत्या. कनकलता आल्या, गाडीत मला ठेवलं आणि आम्ही निघालो. राहुकाळ चालू होता. त्यांच्या कपाळावर घाम होता, पण त्या थांबल्या नाहीत.

विमानतळावर आम्ही वेळेवर पोहोचलो. मित्रांनो, हे वाक्य नीट ध्यानात ठेवा, कारण पुढे कोणीच ते ध्यानात ठेवलं नाही. काउंटरवरच्या मुलीने माझं वजन केलं. कडीला लांब पट्टी लावली आणि तिचाच एक तुकडा चाकाजवळ चिकटवला. मग ती म्हणाली, “मॅडम, सीटचा नंबर गेटवर मिळेल.” मी सरकत्या पट्ट्यावरून आत गेले.

बाहेर विमानाच्या पोटाखाली मी गाडीवर उभी होते. तिथे दोन हमाल बोलत होते.

“जागेपेक्षा जास्त तिकिटं विकलीत.”

“मग कोणाला ठेवणार मागे?”

“जो गप्प बसेल त्याला.”

कनकलता गप्प बसणाऱ्या. त्यांनी नंतर ताराबाईंना सांगितलं तसं, गेटवर त्यांच्या हातातला काउंटरवरचा कागद काढून घेतला आणि बाजूला उभं राहायला सांगितलं. कोणी स्वखुशीने थांबतो का, असं आधी सर्वांना विचारायला हवं होतं. तसा नियम आहे. वेळेवर आलेल्याला जागा नाकारली तर लवकरच्या दुसऱ्या विमानाची सोय करावी लागते, नाहीतर भरपाई द्यावी लागते. तोही नियम आहे. त्यांना ते कोणी सांगितलं नाही. मला गाडीवरून उतरवलं, कडीची पट्टी एका हिसक्यात तोडली आणि बाजूच्या दारातून त्यांच्या हवाली केलं. चाकाजवळचा तुकडा राहून गेला.

परत आल्यावर कनकलतांनी मला स्वतःच्या दारापर्यंत नेलं आणि तिथेच उभ्या राहिल्या. प्रवास पुरा झाला नव्हता. त्यांनी मला उलटं फिरवलं आणि ताराबाईंच्या तिण्णैवर भिंतीकडे पाठ करून ठेवलं. तेव्हापासून मी इथे आहे.

राजलक्ष्मीच्या ऑपरेशनला तिची शेजारीण जाऊन बसली. नंतर कनकलतांच्या चौकशीला उत्तर म्हणून विमान कंपनीचं पत्र आलं. त्यात लिहिलं होतं की प्रवासी काउंटर बंद झाल्यावर आल्या. त्यांच्या सामानाची कोणतीही नोंद नाही. तरीही सदिच्छा म्हणून एक प्रवास मोफत देऊ, पण ‘मी उशिरा आले, माझी तक्रार नाही’ या मजकुरावर सही करून पाठवावी. सही पाठवायची मुदत मे अखेरची होती.

सेतुमाधवांनी पत्र वाचलं आणि म्हणाले, “राहुकाळ संपायची वाट बघितलीस ना?”

“नाही हो. पेटीसुद्धा घेतली त्यांनी.”

“घेतली असती तर विमानात गेली असती. इथे कशी?”

राजलक्ष्मी फोनवर एवढंच म्हणाली, “असू दे, अक्का. माझ्या गुडघ्यापेक्षा तुझा राहू मोठा.” त्यानंतर तिने फोन करणं सोडलं. पोंगलला शुभेच्छांचा एक निरोप आला, त्यात नावही नव्हतं.

मित्रांनो, मला सर्व ठाऊक होतं आणि मला तोंड नव्हतं. आतल्या नार्तंगाईचा वास माझ्या कुलपापर्यंत येई. कनकलता संध्याकाळी येऊन माझ्याशेजारी बसत. आधी त्या ताराबाईंना ठामपणे सांगत, “मी वेळेत होते.” मग म्हणू लागल्या, “वेळेतच होते, वाटतं.” चैत्रात एकदा म्हणाल्या, “सगळेच म्हणतात म्हणजे झालाही असेल.” मुलींना मोजमाप दोनदा तपासायला शिकवणारी बाई स्वतःच्या आठवणीवरून हात काढून घेत होती. मला तिण्णैवरून घरंगळत जाऊन त्यांच्या पायांवर आदळावंसं वाटे. पण ओटा सपाट होता.

मेच्या शेवटी उन्हं कडक झाली. ताराबाईंनी मिरच्या ताकात मुरवल्या होत्या आणि त्या वाळवायला उंच जागा हवी होती. त्या माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

“किती दिवस उभी राहणार ही महाराणी? आडवी हो बाई, मिरच्यांच्या तरी उपयोगी पड.”

त्यांनी मला आडवं केलं. भिंतीकडची पाठ पहिल्यांदा उजेडात आली.

“हे काय चिकटलंय गोचिडासारखं,” त्या म्हणाल्या आणि आतून खोबरेल तेलाची वाटी घेऊन आल्या. तेल लावून त्या अंगठ्याने घासू लागल्या. इतके महिने खाजणाऱ्या जागी कोणीतरी खाजवत होतं, आणि मी मनातल्या मनात ओरडत होते की थांबा, ते काढू नका. आधी कनकलतांचं नाव गेलं. मग रेघांचा अर्धा पट्टा गेला.

तेवढ्यात समोरचं दार उघडलं. सेतुमाधवांच्या हातात कंपनीचा तो सहीचा कागद होता. कनकलतांच्या हातात पेन होतं.

“ताराबाई, तुमच्या तिण्णैवर जरा जागा द्या,” सेतुमाधव म्हणाले. “घरातल्या टेबलावर हिची सही होत नाही. आज शेवटचा दिवस आहे.”

“बसा की. पण मिरच्यांवर नको,” ताराबाई म्हणाल्या. त्यांचा अंगठा चालूच होता.

कनकलता बसल्या. त्यांनी पेनचं टोपण काढलं. “करते सही. झाला असेल उशीर. राजीला भेटायला तरी मिळेल.” आणि कागद ठेवायला जागा शोधता शोधता त्यांची नजर माझ्या चाकाकडे गेली.

“ताराबाई, हात थांबवा.”

“झालंच. थोडं राहिलंय.”

“थांबवा म्हणते ना.”

हा आवाज शाळेतला होता. ताराबाईंनी हात मागे घेतला. कनकलता खाली वाकल्या, यजमानांचा चष्मा मागून घेतला, आणि पदराच्या टोकाने तेल टिपलं. घासलं नाही, नुसतं टिपलं. विमानाचा क्रमांक शाबूत होता. तारीख शाबूत होती.

“काउंटर बंद झाल्यावर मी आले म्हणून लिहिलंय ना त्यांनी?” त्यांनी विचारलं.

“हो,” सेतुमाधव म्हणाले.

“बंद काउंटर पेटी घेतो?”

“नाही घेत.”

“मग ही चिठी माझ्या पेटीला कोणी लावली? ताराबाईंनी?”

“मी तर काढत होते,” ताराबाई म्हणाल्या. “वाटी घेऊन मीच आले, मलाच धरा.”

सेतुमाधव हसले नाहीत. त्यांनी माझ्यावर हात ठेवला. “मी राहुकाळ म्हणालो होतो,” ते म्हणाले.

“म्हणालात.”

“चुकलो.” मग ते म्हणाले, “पण कनका, अर्धी चिठी राहिलीय. नाव पुसलं गेलंय. एवढ्यावर कोण ऐकेल? त्यापेक्षा सही कर, फुकट जाऊन ये, आणि राजीला तिथे समजाव.”

“काय समजावू? मी उशिरा आले असं इथे लिहून देऊन, वेळेवर आले होते म्हणून तिथे सांगू?”

ताराबाईंनी मिरच्या तशाच राहू दिल्या. त्यांनी तेलाची वाटी उचलून आत नेऊन ठेवली, जणू तीच गुन्हेगार होती.

माझं मागणं फार मोठं नाही, मित्रांनो. प्रवासाहून आल्यावर पेटी पुसा, तिची चाकं पाहा, पण तिच्या अंगावर चिकटलेलं काही लगेच खरवडू नका. आपण बोलू शकत नाही तेव्हा तेवढंच आपल्यासाठी बोलतं. आणि कोणी वेळेवर आलो म्हणून सांगितलं, तर त्याच्या जुन्या उशिरांची आठवण काढण्याआधी एकदा त्याची पेटी उलटून बघा. मला आता खाज येत नाही. पण माझी चाकं अजून स्वस्थ नाहीत.

कनकलतांनी पेनचं टोपण लावलं. चिकटपट्टीचा फोटो काढला, एकदा दुरून आणि एकदा जवळून. मग माझ्या पाठीवर हात टेकून बसल्या आणि फोन लावला. तो पुष्कळ वेळ वाजला. सेतुमाधव म्हणाले, “नसेल उचलत.” कनकलतांनी मान हलवली आणि फोन वाजू दिला.

“बोल, अक्का,” राजलक्ष्मीचा आवाज आला. “भावोजी काल म्हणाले, फुकट तिकीट मिळणार म्हणून. केलीस सही?”

कनकलतांनी सहीच्या कागदाची घडी घातली.

“नाही, राजी. मला उशीर झाला नव्हता, आणि झाला होता असं मी कोणालाही लिहून देणार नाही. मी तक्रार करणार आहे.”