डॉक्टर पद्माकर किल्ला घेतात

डॉक्टर पद्माकर सबनीस भूल देण्यात पटाईत होते, आणि लंडनजवळच्या क्रॉयडनमधल्या मराठी मंडळींचं मत असं की त्यांना औषधाची गरजच नव्हती. सुई टोचण्याआधी ते रोग्याला दोन वाक्यं समजावून सांगत. तिसऱ्याला रोगी घोरू लागे. हाच माणूस दर उन्हाळ्यात बायकोमुलांना गाडीत कोंबून ज्ञान द्यायला निघायचा.

त्यांच्या बायकोने, सुप्रभाने, हे ज्ञान पाच उन्हाळे सोसलं होतं. पेन्सिलींचं संग्रहालय झालं, कोळशाची बंद खाण झाली, रोमनांची भिंत तर भर पावसात झाली, आणि भिंतीपेक्षा पाऊस जास्त बघण्यासारखा होता. यंदा, सत्त्याऐंशी साली, तिने मुलांना शब्द दिला होता: वेल्सला जायचं आणि समुद्रात पाय बुडवायचे. आज सुट्टीचा शेवटचा दिवस. समुद्र डोंगराच्या पलीकडे होता आणि गाडी अलीकडे उभी होती, एका किल्ल्याखाली. त्याच्या नावात स्वर शोधायचा तर भिंग लागलं असतं.

"मम्मी, तू म्हणालास समुद्र," आठ वर्षांची बेला तिच्या क्रॉयडनी मराठीत म्हणाली.

"आधी हा. राजीव, याला किल्ला म्हणतात का?" डॉक्टरांनी विचारलं.

थोरल्या राजीवने पाटी वाचली. "कॅसल म्हणतात, बाबा."

"बंगला आहे हा. आत चहाचं दुकान, बाहेर गवताला भांग पाडलेला. आपल्याकडच्या कोंबड्यांनीसुद्धा एका दुपारी घेतला असता."

"मग बघायचा कशाला?" सुप्रभा म्हणाली.

"घ्यायचा कसा ते शिकवायला. दारातून जातात ते पाहुणे. आपण मागच्या कड्याने."

डॉक्टरांनी आयुष्यात सर केलेली सर्वांत मोठी उंची म्हणजे हॉस्पिटलचा दुसरा मजला, तोही लिफ्टने. पण त्यांनी टाय शर्टात खोचला, दुर्बीण आणि गाडीची किल्ली बायकोच्या हातात दिली आणि बोलत बोलत चढायला लागले. अर्ध्यावर, ताटाएवढ्या एका कपारीवर, काटेरी झुडपाने त्यांचा स्वेटर धरला. वर जाता येईना, खाली येता येईना. शेजारी एक मेंढी चरत होती. तिने डॉक्टरांचं थोडं ऐकलं आणि ती वर निघून गेली. वाट तिला ठाऊक होती, पण तिने सांगितली नाही.

किल्ल्याचा म्हातारा राखणदार हातात चहाचा मग घेऊन आला. "सर, पुढच्या बाजूला दार आहे," तो खालून म्हणाला. दार का चालत नाही, हे डॉक्टरांनी त्याला वरून सविस्तर सांगितलं. म्हातारा आत जाऊन अग्निशामक दलाला फोन करून आला.

"शिडी यायला वेळ लागेल, लव्ह," तो तिकडच्या रीतीने सुप्रभाला म्हणाला. "पण पडत नाही तो. झुडपाने चांगला धरलाय."

सुप्रभाने स्वतःच्या मनात काळजी शोधून पाहिली. अगदी प्रामाणिकपणे शोधली. सापडली नाही. हातात किल्ली होती. फेब्रुवारीत ड्रायव्हिंगची परीक्षा पास झाल्यापासून तिला गाडी मिळाली होती ती फक्त दूध आणायला.

"अहो, बसून घ्या तिथे," ती वर बघून म्हणाली. "आम्ही येतोच."

"कुठे निघालात? तटबंदीची रचना राहिली आहे."

"ती म्हाताऱ्याला सांगा. मुलांनो, गाडीत बसा."

पहिलं वळण तिने पहिल्याच गिअरमध्ये घेतलं, दुसरं तिसऱ्यात. त्या गाडीत कुणी काहीच समजावून सांगत नाही, हा मुलांना नवा अनुभव होता.

मागे किल्ल्यावर काय झालं ते क्रॉयडनमध्ये अजून सांगतात. शिडी आली, एक जवान वर चढला, डॉक्टरांनी त्याला तटबंदी समजावली, आणि त्या जवानाला उतरवायला दुसरी शिडी मागवावी लागली.

इकडे गाडी डोंगर उतरून किनाऱ्याला थांबली, तर समोर नुसता चिखल. पाणी पार लांब, खडूने ओढलेल्या रेघेएवढं.

"समुद्र गेली," बेलाचा चेहरा पडला. "का गेली?"

सुप्रभाने पुण्याहून भूगोलाची पदवी घेतली होती. चंद्र, ओढ, भरती, ओहोटी, सगळं तिच्या जिभेवर येऊन बसलं. तिने ते गिळलं.

"काय माहीत," ती सँडल काढत म्हणाली. "चला, गाठू या त्याला."

तिघंही घोट्यापर्यंत चिखल तुडवत निघाली, आणि पाण्याला पाय लागेपर्यंत कुणी काहीही शिकलं नाही.