ऑस्मेलचं हाड, ऑस्मेलचं नाव

माझी बहीण मिलेदी मनानं वाईट नाही असं गल्लीतले लोक म्हणतात. म्हणोत बापडे. मी तिच्याच घरात राहते, तिच्याच हातचं खाते आणि मला ती वाईटच वाटते. मीही काही फार चांगली नाही.

ऑस्मेल तिचा मुलगा. आमच्या सान पेद्रोकडे पोरगा बेसबॉल जोरात फेकायला लागला की तुलिओसारखा एखादा माणूस त्याला उचलतो, आपल्या घरी ठेवतो, खाऊ घालतो, पळवतो आणि सोळाव्या वर्षी अमेरिकी संघांपुढे उभा करतो. करार जुलैच्या दोन तारखेला. सोळाला भाव असतो, सतराला उतरतो, एकोणिसाला कुत्रं विचारत नाही. म्हणून आमच्याकडच्या आया पोराच्या तापापेक्षा त्याच्या जन्मदाखल्याला जास्त जपतात.

मार्चमध्ये ऑस्मेलचा उजवा दंड दुखायला लागला. तुलिओनं कापराचं तेल चोळलं आणि आणखी फेकायला लावलं. ऑस्मेल त्याच्याकडेच राहायचा, आणि मी तिथं पोरांचे कपडे धुते. रात्री कुशीवर वळताना पोरगा कण्हतो हे मला त्याच्याच मित्रांनी सांगितलं. मीच त्याला सरकारी दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी एक्स-रेचा फोटो उजेडात धरला. दंडाच्या हाडात वरच्या टोकाशी एक फिकट पोकळी दिसत होती. बाई माझ्याशी न बोलता थेट पोराशी बोलल्या, ते मला आवडलं. हाडात पाणी साठलंय, म्हणाल्या. कॅन्सर नाही. वाढत्या वयात होतं असं, आणि वाढ थांबली की पुष्कळदा आपोआप भरूनही येतं. सुईनं पाणी काढून आत औषध सोडायचं, एकदा नाही तर दोन-तीनदा. तरी नाही भरलं तर पोकळी खरवडून हाडाचा चुरा भरायचा. पण भोवतीचं हाड आता अंड्याच्या टरफलाएवढं पातळ उरलंय.

"वर्षभर चेंडू फेकायचा नाही," बाई म्हणाल्या. "फेकलास तर मोडेल. थांबलास तर हात पहिल्यासारखा होईल."

ऑस्मेलनं एवढंच विचारलं, की वर्षानं मी सतरा होईन ना?

घरी येऊन मी शब्दन् शब्द सांगितला. मिलेदीनं विचारलं, कॅन्सर आहे का? मी नाही म्हटलं. "मग झालं तर," असं म्हणून तिनं तव्यातली केळी उलटली. तुलिओ तर हसलाच. "पाणीच ना? नारळात पण पाणी असतं. फेकला तर काय फुटतो?"

"फुटतो," मी म्हटलं. दुसऱ्या दिवशी तुलिओनं पोराला पुन्हा फेकायला उभं केलं.

मेमध्ये संघांची माणसं वेग मोजायची यंत्रं घेऊन आली. तिसरा चेंडू ताशी एकोणनव्वद मैलांनी गेला. चौथा हातातून सुटलाच नाही. कुंपणापाशी मला हाड मोडल्याचा आवाज ऐकू आला, अजून ऐकू येतो. ऑस्मेल दुसऱ्या कुणाचा तरी हात धरावा तसा आपलाच हात धरून उभा होता. मी त्याच्याकडे धावले. मागे एक जण विचारत होता, पुढचा कोण?

त्याच संध्याकाळी तुलिओ घरी आला. मला वाटलं, हाताची चौकशी करायला आला असेल. त्यानं कॉफी प्यायली आणि ऑस्मेलचा जन्मदाखला मागितला. त्याच्याकडे हानसेल नावाचा पोरगा होता. हात झकास, पण वय एकोणीस.

"हात मोडलाय, वहिनी. दाखला नाही मोडला."

मिलेदी उठली आणि कपाटातून दाखला काढून आणला. हात गळ्यात बांधलेला ऑस्मेल समोरच बसला होता.

"आई, मग मी कोण?"

"माझा मुलगा. त्याला कागद कशाला लागतो?"

करारापूर्वी संघ चौकशीला माणूस पाठवतात, तो गल्लीत घरोघरी विचारत फिरतो. तुलिओनं सगळी गल्ली पढवून ठेवली होती. हानसेल आमच्या ऑस्मेलचा शर्ट घालून आमच्या खुर्चीत बसला होता. हा कोण, असं त्या माणसानं मला विचारलं. माझा भाचा ऑस्मेल, मी म्हटलं, याच्या जन्माच्या वेळी मीच धावत सुईणीला आणलं. ते सुईणीचं मला कोणी शिकवलं नव्हतं. माझ्याच डोक्यातून आलं, आणि त्याची मला आजही शरम वाटते.

"आणि हा हात बांधलेला?"

हे तुलिओनं कोणाला पढवलं नव्हतं. शेवटी ऑस्मेलच बोलला.

"शेजारचा. हानसेल. एकोणीस वर्षं."

हानसेल आमच्या पोराचं नाव घेऊन विमानात बसला. तुलिओनं दिलेल्या पैशातून आमच्या घराला सिमेंटच्या भिंती आल्या. डॉक्टरीणबाईंनी मात्र हाड सोडलं नाही. मोड सांधल्यावर दोनदा सुई घातली, औषध सोडलं. वर्षानंतरच्या फोटोत पोकळी पांढरीशुभ्र भरली होती. बाईंना मनापासून आनंद झाला. त्याच्या खांद्यावर थाप मारून म्हणाल्या, आता फेक हवा तेवढा.

तो फेकायला लागला. रोज सकाळी, एकटाच. मी चेंडू उचलून द्यायला जायची. एकदा मैदानावर एक नवा माणूस आला, आम्हाला न ओळखणारा. त्यानं यंत्र धरलं. त्र्याण्णव. यंत्र बिघडलंय असं वाटून त्यानं पुन्हा फेकायला लावलं. पुन्हा त्र्याण्णव. तो जवळजवळ पळतच माझ्याकडे आला.

"काकू, कुठं लपवून ठेवला होता हा पोरगा? वय काय याचं?"

ऑस्मेलनं माझ्याकडे बघितलं. ओठांवर नुकती लव फुटलेली. मी सतरा म्हटलं असतं तर हानसेल परत आला असता, भिंती गेल्या असत्या, मिलेदी आणि मी तुरुंगात गेलो असतो. आणि त्याला त्याचं नाव मिळालं असतं.  मीच बोलावं म्हणून तो थांबला होता.

"वीस," मी म्हटलं.

"वीस?" त्या माणसानं पेन खिशात टाकलं. "मग कशाला बिचाऱ्याला दमवताय, काकू?"

तो गाडीकडे गेला. ऑस्मेल वाकून चेंडू गोळा करायला लागला. मी मदतीला पुढे झाले तर म्हणाला, "राहू दे मावशी, मी करतो."