गेंड्याचं हृदय

मावशीच्या हृदयाचं पंपिंग उत्तम होतं, तरी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करणाऱ्या ताई पडद्यावरचा आकडा पुन्हा मोजू लागल्या. गेंड्याला ते काही बरं वाटलं नाही. गेंडा म्हणजे मावशीचा भाचा. त्याला कोणी कधी शिंकतानाही पाहिलं नव्हतं, म्हणून हे नाव.

“काकू, पंपिंग ठीक आहे, पण हृदयाचा स्नायू आखडताना कुरकुर करतोय,” ताई म्हणाल्या. “आखडण्याचा आकडा वीसच्या आसपास हवा, तुमचा चौदा. केमोच्या औषधाने होतं असं. लवकर कळलं हे बरं. डॉक्टर बहुतेक पुढचा डोस थांबवतील, हृदयाच्या गोळ्या देतील.”

“थांबवतील? आणि कॅन्सरने काय तोवर सुट्टीवर जायचं?” मावशीने छातीवरची जेली पुसून गाऊन ओढून घेतला. “मी जिना चढून आलेय. हा लिफ्टने आला. मशीन बिघडलंय तुमचं.”

“रोज सकाळी मी आणि शेजारच्या खोलीतल्या बाई, आम्ही दोघी ते एकमेकींवर लावून बघतो. आजही बघितलंय.”

“तुम्ही दोघी काडीपैलवान. याच्यावर लावा. मग बोलू.”

ताईही हट्टी होत्या. गेंडा शर्ट काढून कुशीवर आडवा झाला. जेली गार लागली तसा खिदळला.

“तेरा,” ताई म्हणाल्या.

“बघा,” मावशी खूश झाली. “याचं माझ्याहून वाईट. भंगारात द्या ते.”

ताईंनी पुन्हा लावलं. तेरा. मग शेजारच्या खोलीतल्या सहकारी बाईंना बोलावून आडवं केलं. एकवीस. तेवढा वेळ गेंडा उघड्या अंगाने कोपऱ्यात उभा होता, दुकानातल्या पुतळ्यासारखा.

सहकारी बाई गेल्यावर ताईंनी त्याला विचारलं, “लहानपणी मोठं आजारपण काही?”

“टायफॉइड. वर्षभर दवाखान्यात होतो.”

“टायफॉइडसाठी? वर्षभर?”

“जबरी होता म्हणे.” गेंड्याने साक्षीसाठी मावशीकडे पाहिलं. मावशी गाऊनच्या नाडीला गाठीवर गाठ मारत होती.

“मावशी?”

“टायफॉइड नव्हता रे तो,” ती म्हणाली. “रक्ताचा कॅन्सर होता. वर्षभर केमोच चालू होती. तुझ्या आईने शपथ घातली होती सगळ्यांना. पोराच्या डोक्यात भीती नको म्हणून.”

गेंड्याच्या अंगावरची जेली सुकत चालली होती. ती नखाने खरवडत त्याने विचारलं, “मग मी बरा झालो का?”

मावशीने उत्तरासाठी मशीनकडे पाहिलं.

“डॉक्टरांना बोलावते,” ताई उठत म्हणाल्या. “तुम्ही शर्ट घालू नका.”