कोतवालाचं इरलं

"ऊठ गं बाया, कोतवाल बोलला," म्हनत आईनं माझी वाकळ ओढली.

"अंधार हाय अजून!"

"कुटला अंधार? बघ भाइर, उजाडल्यावानी झालंय."

ते उजाडनं न्हवतंच. खालच्या खडीच्या खानीवर ठेकेदारानं उंच खांबाला बिजलीचा दिवा लावलावता. उजेड थेट आमच्या दारातल्या आंब्यावर, आन त्याच आंब्यावर कोतवालाचं घरटं. आमच्या वाडीत घड्याळ कुनाच्या बापानं बघितलं न्हाई. काळा कोतवाल पहाटं बोलला की बायांनी उठायचं, दळायचं, गवताचा भारा घिऊन लोनावळ्याच्या टांगेवाल्यांकडं निघायचं. आषाढाचं आभाळ, चांदनी दिसत न्हाई. मंग त्येचाच काय तो भरवसा.

आन त्यो आता मध्यान्रातीलाच वरडाय लागलावता. रातभर दिव्याभवती किडं धरायचा, पुन्ना वरडायचा. दिसा बघावं तर पिसं फुगवून, डोळं मिटून फांदीवर. पिल्लं आपली चोची वासून बसल्याली. आईचंबी तसंच. जात्यावरच मान टाकायची. परवा भारा घिऊन गेली तर टांगेवाल्याचं दार बंद. उजाडस्तवर पावसात बसली. येताना बांधावरनं पडली, पाय मुरगाळला.

माजं डोस्कं फिरलं. गोफन काढली. भातावरची पाखरं हाकलून हाकलून माजा नेम पक्का.

"दिवाच फोडते!"

बा भाकर खात बसलावता. "फोड की. तितला राखनदार मीच हाय. ही भाकरबी फोड संगट."

"मंग तू इझव!"

"म्या दिवा इझवला तर मुकादम मला इझवील."

शेजारची बयाबाई दारातनं हसली. "मास्तराच्या अंगावर पाटी फेकून दुसरीतनं पळाली, आन आता दिव्याला धोंडा! अगं, त्यापरीस त्या कोतवालालाच शाळंत घाल. घड्याळ शिकंल."

"तुझ्या घरट्यावर पडू दे उजेड, मंग हस!"

तेवढ्यात खुंटीवरचं माजं इरलं दिसलं. लावनीत डोईवर-पाठीवर घ्यायचं, पानांचं. ते घिऊन आंब्यावर चढले. कोतवाल टाळक्यात टोची मारतोय, मी त्येला शिव्या देतेय. घरटं आन दिवा, मधी इरलं घट बांधलं.

त्या राती घरट्याकडनं आवाजच न्हाई. आई तांबडं फुटस्तवर घोरली. मंग कोतवाल बोलला.

"आज लय उशीर झाला गं सरू!" बयाबाई आईला म्हनली.

"न्हाई," आई म्हनली. "आज बराबर येळ झाली."

पुढं लावनी आली.

"इरलं काढ खाली," आई म्हनली.

"पिल्लं उडस्तवर न्हाई."

तशीच चिखलात वाकले. पावसाचं पानी मानंतनं शिरून कमरंतनं निघायचं. राती अंग तापायचं, पर आई निजायची.

चौथ्या दिशी खाचरात बा आला. रोप लावताना आमच्याकडं बघना.

"खानीच्या वरल्या अंगाला दुसरा खांब पुरलाय," म्हनला. "आज रातीपास्न लावत्यात."

म्या आंब्याकडं बघितलं. ती बाजू उघडीच हुती. घरात आता इरलं एकच, आन ते आईच्या पाठीवर.

आईनं हातातली रोपांची मूठ लावून संपवली. मंग डोईवरचं इरलं काढलं, झटकलं, माझ्याकडं दिलं.

"झाड निसरडं हाय," म्हनली. "जपून चढ."

आन पुन्ना वाकली.